'फाल्यां यो' (उद्या या) म्हणाले की काय करायचं? गोव्यात कायद्याने भांडायला निघालेल्या नवशिक्यांसाठी

डिचोलीत कोर्टाच्या जवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण वकिलांचे कागद रोज माझ्या मशिनातून जातात आणि वकिलांकडे जाणारी माणसं आधी माझ्या बाकड्यावर टेकतात. सकाळी शटर वर केलं की कोणीतरी उभं असतंच. मोबाईलमध्ये चाळीस व्हिडिओ, डोळ्यांत राग, आणि हातात कागद एक पण नाही. "भाऊ, आमचो दोंगर कापलो, सगळें हांगा आसा," म्हणून मोबाईल माझ्या नाकासमोर धरतात. मी विचारतो, तक्रार दिली का? दिली. कुणाला? साहेबांना सांगितलं. लिहून? नाही, तोंडी.

तर हा लेख त्या बाकड्यावर बसणाऱ्यांसाठी. कायद्याचं राज्य वगैरे मोठे शब्द ऐकले की लोकांना वाटतं हे दिल्लीतल्या टीव्हीवरच्या वकिलांचं काम. अहो, मी माझं ट्रेड लायसन वेळेवर रिन्यू केलं नाही तर पालिका मला नोटीस काढते ना, तसाच पालिकेने, पंचायतीने, मामलेदाराने, मंत्र्याने पण आपापल्यावर लिहिलेला नियम पाळायचा, एवढंच ते आहे. आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला कोणीतरी कागद घेऊन उभं राहावं लागतं. ते कसं राहायचं ते खाली लिहितो, डोंगरकापणीचं उदाहरण धरून, कारण आमच्याकडे सध्या त्याच केसेस जास्त. बेकायदा बांधकाम, बुजवलेलं शेत, अडवलेली वाट, कशालाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

जागा कुठली ते आधी पक्कं करा

बहुतेकांची गाडी इथेच पंक्चर होते. "शाळेच्या मागचा डोंगर" असं लिहून दिलं की ऑफिसात तो कागद फिरत राहतो, कारण त्यांना सर्व्हे नंबर लागतो. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) काढा, भूमी अभिलेख खात्याच्या साइटवर पण बघायला मिळतो. त्यात कब्जेदार कोण, क्षेत्र किती, कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर असलेला) आहे का, इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. शेजाऱ्याचा सर्व्हे नंबर चुकून घातला की समोरचा वकील पहिल्याच दिवशी त्याच्यावर बोट ठेवणार, मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग जागा रिजनल प्लॅन २०२१ मध्ये (राज्याचा जमीन वापराचा आराखडा) कुठल्या झोनमध्ये येते ते बघा. आणि डोंगर कापायचा किंवा सखल जागेत माती टाकून ती भरायची असेल तर टीसीपी (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग) कायदा १९७४, कलम १७-अ खाली लेखी परवानगी लागते. म्हणजे तुमचा प्रश्न "डोंगर का कापला" हा नाही, "कलम १७-अ ची परवानगी आहे का, दाखवा" हा आहे. पहिल्या प्रश्नाला कोणीही भाषण देऊ शकतं, दुसऱ्याला फक्त कागद.

फोटोबद्दल एक गोष्ट. असली कामं शनिवार-रविवारी, नाहीतर चवथीच्या सुट्टीत चालतात, सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत अर्धा डोंगर गेलेला असतो. म्हणून फोटो शनिवारीच काढा. जेसीबीचा नुसता क्लोजअप काढून उपयोग नाही, मागे देऊळ, विजेचा खांब, रस्त्याचं वळण, काहीतरी ओळखीचं फ्रेममध्ये यायला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो लहान होतो आणि तारखेची माहिती पण निघून जाते, म्हणून मूळ फाइल फोनमध्ये ठेवा आणि एका पेन ड्राइव्हवर. आणि दुसऱ्याच्या जागेत शिरून फोटो काढू नका, रस्त्यावर उभं राहून काढा. नाहीतर उलटी तक्रार तुमच्यावर.

तक्रार एका पानाची, प्रती दोन

माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या वाड्याच्या वरच्या अंगाला टेकडी कापायला लागले तेव्हा मी चांगली तीन पानं टाइप केली, दुकान आपलंच, कागद आपलाच. त्यात गावचा इतिहास, देवराईचं महत्त्व, पूर्वजांनी काय राखलं, सगळं. एकच प्रत काढली आणि एका ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवून आलो, क्लार्क चहा घेत होता, म्हणाला ठेवा. महिन्याने विचारायला गेलो तर असली तक्रार आलेलीच नाही. झेरॉक्सवाला मी, लोकांच्या हजार प्रती काढणारा, आणि माझ्याकडे माझ्याच तक्रारीची प्रत नाही. बायको अजून हसते.

तेव्हापासूनची पद्धत अशी. एक पान. वर तारीख, कुणाला ते पदनाम, विषयात सर्व्हे नंबर आणि गाव. मग काय बघितलं ते साध्या वाक्यात: "दिनांक अमुक रोजी सकाळी सातपासून सदर जागेत जेसीबीने डोंगर कापण्याचे काम चालू आहे. या कामास टीसीपी कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी असल्यास त्याची प्रत द्यावी, नसल्यास काम थांबवून जागेची पाहणी करावी." खाली नाव, पत्ता, सही, फोटो जोडलेत त्यांची संख्या. संपलं. कोणाला चोर, भ्रष्ट, दलाल म्हणायचं नाही. राग येतो, कबूल, पण तो शब्द मानहानीच्या केसमध्ये तुमच्या विरुद्ध वाचून दाखवतील आणि डोंगर राहील बाजूला.

अर्ज मराठीत चालतो का, हा रोजचा प्रश्न. चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामाला मराठीचा पण वापर करायची सोय आहे. मी मराठीतच देतो. फक्त हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, तिथे जाणाऱ्या कागदांचं भाषांतर लागतं आणि त्याचा खर्च येतो, तेवढं धरून चाला.

दोन प्रती घेऊन जायचं. एक त्यांची, दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा म्हणजे आवक नोंदीचा शिक्का, इनवर्ड नंबर, तारीख आणि सही. शिक्का घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. "सायब भायर गेला, फाल्यां यो" हे ऐकायला मिळणारच. तर त्याला गोड बोलून सांगायचं, की साहेबांशी माझं काम नाही हो, फक्त इनवर्ड करून द्या. तरी नाही म्हणाले तर भांडत बसू नका, सरळ पोस्टात जा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, वर ईमेल पण टाका. मुख्य तक्रार ज्याचं काम त्यालाच, आणि खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून पंचायत, टीसीपी, मामलेदार, उपजिल्हाधिकारी, जंगल असेल तर वन खातं, किनारा असेल तर जीसीझेडएमए, म्हणजे गोव्याचं किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. सगळ्यांनाच मुख्य केलं की प्रत्येक जण म्हणतो ते दुसऱ्याचं काम.

माहिती अधिकार: 'का' विचारू नका, 'काय' मागा

गोव्याने माहितीच्या अधिकाराचा आपला कायदा १९९७ सालीच केला होता, देशाचा कायदा २००५ चा. म्हणजे या बाबतीत आपण जुने खेळाडू. तरी अर्ज कसे लिहितात बघा: "सदर अधिकाऱ्याने दुर्लक्ष का केले?" याला उत्तर येतं, माहिती उपलब्ध नाही. आणि ते बरोबरच असतं, कारण कायद्यात माहिती म्हणजे ऑफिसच्या रेकॉर्डवर असलेली गोष्ट, मत किंवा खुलासा नाही. म्हणून असं मागा: माझ्या अमुक इनवर्ड नंबरच्या तक्रारीवर काय कारवाई झाली त्याच्या नोंदींची प्रत, पाहणी केली असेल तर पाहणी अहवालाची प्रत, सदर सर्व्हे नंबरमध्ये कलम १७-अ खाली दिलेल्या परवानगीची प्रत नकाशासकट. आता कळलं का त्या शिक्क्याचा नंबर कशाला पाहिजे होता?

फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेवढी पण नाही. रोख भरली तर पावती घ्या. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कोणी विचारलं तरी नाही. चुकीच्या ऑफिसात गेला अर्ज तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा, तुम्हाला परत पाठवायचा नाही. उत्तर ३० दिवसांत, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानेही भागलं नाही तर ९० दिवसांच्या आत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोग त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड लावू शकतो. हे सगळे दिवस कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा. महालक्ष्मी कॅलेंडरवर एकादशीच्या खाली "आरटीआय अपील शेवटचा दिवस" असं लिहिलेलं मी एका म्हाताऱ्या काकांच्या घरी पाहिलंय, आणि त्या काकांची एकही तारीख आजपर्यंत चुकलेली नाही.

आणखी एक, जे कोणी वापरत नाही: फाइल प्रत्यक्ष बघायचा हक्क. अर्जात "मला सदर फाइलची पाहणी करायची आहे" एवढं लिहा. प्रतीत न येणाऱ्या गोष्टी तिथे सापडतात, पेन्सिलीने लिहिलेला शेरा, मध्येच गायब झालेला पान नंबर, अर्जाच्या आधीची तारीख असलेली मंजुरी.

हल्ली "वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही" हे उत्तर जास्त येतं, २०२३ च्या डेटा कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाला आणखी धार दिलीय. त्याच्यावर उपाय एवढाच की माणसाबद्दल मागू नका, परवान्याबद्दल मागा.

रविवार सकाळ, ग्रामसभा

गोव्यात १९१ पंचायती आणि रविवारी सकाळी कुठे ना कुठे ग्रामसभेत भांडण चालूच असतं. बाहेरच्या लोकांना गंमत वाटते, मला अभिमान वाटतो, कारण मासळी बाजार सोडून लोक तिथे येऊन बसतात ही साधी गोष्ट नाही.

पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला कोणीही ग्रामसभेचा सदस्य, म्हणजे तुम्ही पाहुणे नाही. पण नुसतं ओरडून आलात तर मिनिट्समध्ये एक ओळ पण येत नाही. म्हणून ठराव आधी लिहून न्यायचा, चार ओळींचा, आणि सचिवांकडे लेखी द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन. मांडणारा एक, अनुमोदन देणारा दुसरा, दोघांची नावं आधी ठरवलेली. मांडताना स्पष्ट म्हणा, हा ठराव नोंद करून घ्या. आणि पुढच्या सभेत मागच्या सभेचा इतिवृत्तांत वाचतात तेव्हा झोपू नका, सगळी गडबड तिथेच होते. "चर्चा झाली" असं लिहिलं असेल तर उभं राहून सांगा, चर्चा नाही, ठराव झाला, अमुक शब्दांत.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं समजू नका, तो कोर्टाचा हुकूम नव्हे. पण तो तुमच्या फाइलमधला फार वजनदार कागद आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये रिजनल प्लॅन २०११ जाहीर झाला आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला, ते काय एका मोर्चाने झालं? गोवा बचाव अभियानाच्या लोकांनी नकाशे टेबलावर पसरून कुठली शेतं आणि डोंगर सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या झोनमध्ये, घातलेत ते गावागावात दाखवलं, त्यात वास्तुरचनाकार होते, वकील होते, साधे शेतकरी होते. नकाशा वाचता आला म्हणून पणजीचं आझाद मैदान भरलं.

पालिकेत ग्रामसभा नसते, आम्हा डिचोलीकरांना ती सोय नाही. तिथे नगरसेवकाला लेखी द्या आणि इनवर्ड.

झोन बदलाची जाहिरात पण बघत जा. टीसीपी कायद्याच्या कलम ३९-अ खाली झोन बदलायचा प्रस्ताव आला की हरकती द्यायला ३० दिवस असतात. गंमत म्हणजे आपल्या राज्यघटनेत पण कलम ३९-अ आहे, ते गरिबाला फुकट कायदेशीर मदत द्यायचं. एका ३९-अ ने जमीन जाते, दुसऱ्या ३९-अ ने तिच्यासाठी वकील मिळतो. माझ्या दुकानात हा विनोद चालतो, वकील लोकच करतात.

वकिलाकडे कधी आणि कसं जायचं

फार लवकर नाही आणि फार उशिरा तर अजिबात नाही. तक्रार दिली, पंधरा-वीस दिवस काही हललं नाही, की एकदा सल्ला घ्या. काम रात्रंदिवस चालू असेल तर तेवढे पण थांबू नका. कारण मुदती असतात. राष्ट्रीय हरित लवादाकडे, आपल्याला पुण्याचं पीठ लागतं, पर्यावरणाच्या वादाचा अर्ज साधारण सहा महिन्यांत करावा लागतो आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील तर ३० दिवसांत. त्याच्यावर ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते पण ती मागावी लागते, कारण दाखवून. लोक दोन वर्षं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडतात आणि मग वकिलाला म्हणतात, काहीतरी करा मॅडम.

जाताना फाइल घेऊन जा. सगळ्यात वर एका कागदावर तारखा: कधी काम सुरू झालं, कधी तक्रार, इनवर्ड नंबर, कधी आरटीआय, काय उत्तर. त्याच क्रमाने खाली कागद. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या, मूळ फक्त दाखवा. आमच्या इथल्या एक वकील मॅडम म्हणतात की असा पहिला कागद असला तर पंधरा मिनिटांत केस समजते, नसला तर तासभर नुसती गावची भांडणं ऐकावी लागतात.

फीबद्दल लाजू नका, पहिल्याच भेटीत विचारा. ड्राफ्टिंगचे किती, तारखेचे किती, टायपिंग-झेरॉक्स वेगळं का. गाव मिळून वर्गणी काढत असाल तर एका वहीत लिहा कोणी किती दिले आणि कुठे गेले, कारण लढा फुटतो तो बिल्डरमुळे कमी आणि त्या वहीमुळे जास्त.

पैसे नसतील तर कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा १९८७ आहे. कलम १२ मध्ये कोणाला फुकट वकील मिळतो ते दिलंय: बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीतला माणूस, आपत्तीत सापडलेले, आणि ठराविक उत्पन्नाखालचे इतर. बायकांना उत्पन्नाची अट नाही, हे फार जणींना माहीत नसतं. तालुक्याच्या कोर्टातच चौकशी करा किंवा १५१०० या नंबरवर फोन लावा.

आणि एक गोष्ट जरा कडू. समोरच्या बिल्डरचा वकील आपल्याच गावचा निघतो कधी कधी, आणि मग देवळात त्याच्याशी कोणी बोलत नाही. हे करू नका. आरोपी कितीही बदनाम असला तरी त्याची केस घ्यायची नाही असा ठराव वकील संघटनेने करणं चूक आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. उद्या पोलिसांनी तुमच्या मुलाला मोर्चातून उचललं तर असाच कोणीतरी, गावाला न आवडणारी केस घेणारा वकील धावून येणार आहे.

पर्वरीची पायरी

मुंबई हायकोर्टाचं गोव्यातलं पीठ १९८२ पासून आहे, पूर्वी पणजीत होतं, २०२१ पासून पर्वरीला नव्या इमारतीत. घटनेच्या कलम २२६ खाली तिथे रिट याचिका किंवा जनहित याचिका करता येते. जनहित याचिका म्हणजे फुकटची लॉटरी नव्हे. तुम्ही कोण, तुमचा यात स्वतःचा फायदा आहे का, आधी कुठे कुठे तक्रार केली, हे सगळं शपथेवर सांगावं लागतं, आणि शेजाऱ्याचा सूड घ्यायला याचिका केली असं दिसलं तर कोर्ट उलट खर्चाचा दंड लावतं. स्वतःच्याच वाटेचा किंवा भिंतीचा वाद असेल तर तालुक्याच्या सिव्हिल कोर्टातच जा.

पण खरी सार्वजनिक गोष्ट असेल, आणि कागद पक्के असतील, तर काय होतं ते गोव्याने बघितलंय. टीसीपी कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) घातलं, प्लॅनमधल्या चुका दुरुस्त करायच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर झोन बदलायचे. त्याला गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटीने आव्हान दिलं आणि मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. मोलेंच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा ट्रॅक जाणार होता, त्याची वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. या सगळ्यात गोवा फाउंडेशनचं नाव परत परत येतं, संस्था १९८६ पासूनची, क्लॉड आल्वारिस आणि ॲडव्होकेट नॉर्मा आल्वारिस यांची, बाईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता खाणींचं. डिचोलीत बसून मी ते टाळलं तर लबाडी होईल. २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या, २०१४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लीज २००७ च्या नोव्हेंबरातच संपली होती, पुढचं सगळं बेकायदा. सरकारने परत त्याच लोकांना ८८ लीज नूतनीकरण करून दिल्या, त्या ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने रद्द केल्या आणि १५ मार्चनंतर काम परत बंद. कायद्याने बघितलं तर निकाल चोख. पण माझ्या दुकानात काय झालं सांगू? आधी रोज ट्रकवाले यायचे ट्रिप शीट आणि आरसी बुकाच्या झेरॉक्सला, रांग लागायची. मग तेच लोक यायला लागले बँकेच्या नोटिसा घेऊन, हप्ते थकलेले. माझा शेजारी, दोन ट्रकांचा मालक, मला म्हणाला, "तुम्ही लोक याचिका करता, आम्ही पोटावर कपडा बांधायचा काय?" मी याचिका केलेली नव्हती, पण त्याला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही. एवढं मात्र दिसतं की लीज संपली तेव्हाच सरकारने कायद्याप्रमाणे नव्याने दिली असती तर त्याचे ट्रक उभे राहिले नसते, नियम मोडणारे वेगळे होते आणि हप्ते थकले ते वेगळ्यांचे. म्हणून याचिका करायला बसाल तेव्हा याचिकेत मागणी काय लिहिता ते वकिलाबरोबर नीट बसून ठरवा. "बंद करा" च्या पुढे "आणि कायद्याप्रमाणे अमुक मुदतीत हे करा" असं पण लिहिता येतं.

निकाल मिळाला की सर्टिफाइड कॉपी काढा आणि संबंधित ऑफिसला परत इनवर्डनेच द्या. हुकूम न पाळल्यास अवमान याचिका, त्याची मुदत एक वर्ष. केस कुठे पोचली ते ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर नंबर (केसचा ओळख नंबर) घालून बघता येतं, रोज वकिलाला फोन करू नका.

पोलीस आले तर

१८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभाबंदी मोडली तेव्हा गोव्यात बोलायची पण परवानगी लागायची. १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे एका जेवणावळीत भाषण चालू असताना "मी निषेध करतो" एवढंच म्हणाले आणि त्यांना पकडून पोर्तुगालला पाठवलं. आज शांतपणे, बिनहत्यार जमायचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये लिहिलेला आहे. मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदी लावली असेल, पूर्वीचं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम १६३, तर तो आदेश आधी मागून वाचा, कुठल्या भागाला आणि किती दिवस ते.

पकडलंच तर: कारण सांगायला पाहिजे, घरच्यांना कळवायला पाहिजे, वकिलाला भेटू द्यायला पाहिजे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला पाहिजे. बाईमाणसाला काळोख पडल्यावर, उजाडायच्या आधी अटक करता येत नाही, अपवादात्मक कारण असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी आणि महिला पोलीस लागते. तुम्ही तक्रारदार असाल तर एफआयआरची प्रत फुकट, आणि हद्द आमची नाही म्हणून एफआयआर नाकारता येत नाही. नाही घेतलाच तर लेखी एसपींकडे, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. निघण्यापूर्वी वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिहा, फोन काढून घेतात.

कागद सांभाळायचे कसे

हे माझं खास खातं, म्हणून शेवटी.

शिक्क्याची प्रत लॅमिनेट करू नका. लोक येतात, भाऊ हे प्लास्टिकात घाला, महत्त्वाचं आहे. मी नाही म्हणतो आणि माझं गिऱ्हाईक जातं. लॅमिनेट केला की त्याच्यावर परत काही शिक्का-सही होत नाही आणि खरा की झेरॉक्स अशी शंका येते ती वेगळी. साध्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, पावसाळ्यात फोल्डर कपाटाच्या वरच्या कप्प्यात, खालच्यात वाळवी. प्रत्येक कागदाचा स्कॅन, आणि फाइलच्या नावात तारीख आधी.

आणि पोस्टाची पावती. ती असल्या कागदावर छापतात की उन्हात, पाकिटात, घामात अक्षरं उडून जातात, काही महिन्यांत कोरा कागद. गेल्या वर्षी एक काका अशी कोरी पावती घेऊन आले, भिंगाखाली धरली तरी नंबर दिसेना, आणि तक्रार मिळालीच नाही असं समोरच्याचं म्हणणं. पोस्टातून बाहेर पडलात की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा. दोन रुपये.